पॅक करणाऱ्याचा चहा

मंडळी, ज्या घरात जेवताना कुणी कुणाकडे बघत नाही, त्या घरात आत काहीतरी कुजत असतं. हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

भोपाळच्या शिवाजी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये नरहरराव रोज असंच जेवण पाहत होते. त्यांचा एकुलता मुलगा जितेंद्र सरकारी कचेरीत नोकरीला. उजव्या हातात घास आणि डाव्या हातात मोबाइल. मोबाइलवर तीन पत्ती. श्रावणात त्यानं पुन्हा खेळणार नाही अशी आईची शपथ घेतली, भाद्रपदात मोडली. हल्ली तर तो मोबाइलही उघडत नसे, नुसता भिंतीकडे बघत बसे. पोरगा हातचा चालला, एवढं नरहररावांना कळत होतं. त्याला परत कसं आणावं, ते कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी उपाय काढला. दिवाळीत पूर्वीसारखा घरातच डाव मांडायचा! घरचा डाव गोड लागला की बाहेरचा आपोआप सुटेल.

"विंचू चावला म्हणून दुसरा विंचू आणताय?" त्यांची बायको नलिनीबाई म्हणाल्या. लग्नाच्या चाळीस वर्षांत त्या एकदाही डावाला बसल्या नव्हत्या.

"दिवाळीत जो पत्ते खेळत नाही तो पुढच्या जन्मी चिचुंद्री होतो, असं इथले लोक म्हणतात."

"होईन चिचुंद्री. निदान बिळात तरी शांतता असेल."

वसुबारसेच्या दुपारी सून मंजूषा ती शिकवते त्या शाळेत गेली होती. अकरा वर्षांच्या नातीला, अबोलीला, सुट्टी लागली होती. नरहररावांनी तिला समोर बसवलं, मधे चिंचोक्यांचा डबा ठेवला आणि पत्ते पिसले.

"प्रत्येकाला तीन पानं. तीन सारखी आली तर सगळ्यांत भारी. त्याखाली एकाच रंगाची ओळीनं तीन, मग नुसती ओळ, मग नुसता रंग, मग जोडी. पानं न बघता खेळलीस तर एक चिंचोका, बघून खेळलीस तर दोन. नको वाटलं तर पानं पालथी टाकायची. त्याला म्हणतात पॅक."

"मग पॅक केलेलंच बरं ना, आजोबा? चिंचोके वाचतात."

"आपल्या घरात पॅक कुणी करत नाही! जो करेल त्यानं सगळ्यांना चहा करून पाजायचा. तुझ्या बाबानं लहानपणी एकदा केला होता. वर्षभर त्याला भित्री भागूबाई म्हणायचो आम्ही. पुन्हा नाही केला कधी!"

स्वयंपाकघरात चकल्या पाडता पाडता नलिनीबाईंचा हात थांबला.

दोन-तीन डाव झाले. चौथ्याला नरहररावांकडे राजांची जोडी आली. अबोलीनं पानं बघितली आणि दोन चिंचोके सारले. मग आणखी दोन. मग आणखी. चेहरा असा, जसा दगड. ना पापणी हलली, ना ओठ. नरहरराव तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्याशा पोरीकडे तीन एक्के तर नसतील? त्यांना घाम फुटला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी पानं पालथी टाकली.

अबोलीनं आपली उघडली. दुर्री, पंजा, नव्वी. काहीच नव्हतं!

"शाब्बास!" नरहरराव मांडीवर थाप मारून हसले. "चहा लागला माझ्याकडे. अगं, असा चेहरा करायला कुठं शिकलीस?"

"बाबांनी शिकवलं. मी रोज प्रॅक्टिस करते."

"रोज? कशाची?"

"कुणी विचारलं की म्हणायचं, बाबा ऑफिसला गेले. चेहरा अजिबात हलवायचा नाही. त्यांना ऑफिसमध्ये सस्पेंड केलंय ना, मोबाइलवर खेळताना सापडले म्हणून. वीस दिवस झाले. ते मोठ्या तलावाच्या घाटावर जाऊन बसतात."

झाऱ्यातली चकली तेलात पडली. नलिनीबाई गॅस बंद करून बाहेर आल्या.

"आणि आज जाताना काय म्हणाला गं?"

"आज मोबाइल आणि घड्याळ माझ्या दप्तरात ठेवलं. म्हणाले, मला आता नको." बोलतानाही तिचा चेहरा तसाच होता, दगडाचा.

"पोरी, डाव संपला," नलिनीबाईंनी तिला छातीशी धरलं. "आता रड."

तेव्हा कुठं अबोली रडली.

"ऐकलंत?" नलिनीबाई नवऱ्याकडे वळल्या. "पत्ते मोबाइलवरून आले, पण हरलो म्हणायची लाज कुठून आली? ती या घरातून आली! हरलेल्याला हसायला तुम्हीच शिकवलंत. तो आता कुणाला सांगणार? उठा! जा आधी!"

नरहरराव अनवाणीच धावले. त्यांना रिक्षावाल्याला धड पत्ता सांगता येईना. "को खां, बड़े मियाँ, सब खैरियत?" त्यानं भोपाळी थाटात खुशाली विचारली आणि चेहरा बघून दुसरा प्रश्न न करता रिक्षा दामटली.

जितेंद्र घाटाच्या शेवटच्या पायरीवर होता. बूट वर काढून ठेवलेले, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. शेजारी डबा, न उघडलेला. नरहररावांनी त्याचा दंड असा पकडला की पुढे दोन दिवस बोटांचे वळ दिसत होते.

"बाबा, काही उरलं नाही," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "नोकरी जाणार, क्वार्टर जाणार. कुठल्या तोंडानं सांगू?"

"सांगितलंस ना आत्ता. झालं." नरहररावांनी दंड सोडला नाही. "जितू, मी आज पॅक केला. अबोलीपुढं. चहा माझ्याकडे लागलाय. घरी चल, मी करतो."

जितेंद्रनं पहिल्यांदा मान वळवून वडिलांकडे बघितलं. मग त्यानं पाय पाण्यातून काढले.

पुढचं काही गोड नाही, मंडळी. नोकरी गेली. क्वार्टर सोडावं लागलं. बिट्टन मार्केटमागच्या दोन खोल्यांत पाच माणसं राहतात. जितेंद्रला दर आठवड्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. कधी कधी तो अजूनही भिंतीकडे बघतो. मंजूषानं वीस दिवसांचं खोटं अजून पुरतं माफ केलेलं नाही. पत्ते नलिनीबाईंनी त्याच दिवशी जाळून टाकले. घरातला संध्याकाळचा चहा मात्र नरहरराव स्वतः करतात, आणि कप हातात देताना प्रत्येकाला विचारतात, "आज काय बिनसलं?" उत्तर येईपर्यंत ते उठत नाहीत.

तुमच्या घरात दिवाळीला डाव मांडत असाल तर तो आजच मोडा. आणि तो मोडवत नसेल, तर निदान एवढं करा: हरून घरी आलेल्याला हसू नका. माणूस हरल्यानं मरत नाही. हरलो हे सांगायला घरात माणूस नसलं, की मरतो.