लाल गळ्याचा हंस आणि त्याचा साक्षीदार

तळ्यावर दिसणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांची नोंदवही बावीस वर्षं गावच्या पक्षिमंडळाच्या सचिवांकडे होती. नियम साधा. पक्षी दोघांनी पाहिलेला हवा. जो आधी पाहील त्याचं नाव मोठ्या अक्षरात, दुसऱ्याची खाली साक्षीदार म्हणून सही. या नियमाच्या जोरावर सचिवांनी इतके पक्षी परतवून लावले होते, की तेवढे थंडीनेही लावले नसतील. त्यांचं स्वतःचं नाव मात्र वहीत एकदाही मोठ्या अक्षरात आलं नव्हतं, आणि रविवारी वही नव्या सचिवांच्या ताब्यात जायची होती.

शुक्रवारी सकाळी, काठावरचा बर्फ सुटत असताना, लव्हाळ्याआडून लाल गळ्याचा हंस बाहेर आला. या तळ्यावर आजवर कुणी न पाहिलेला. सचिव दुर्बीण रोखून बघतच राहिले. पाच मिनिटं डौलात पोहून हंस उत्तरेकडे उडाला, तेव्हा कुठे त्यांना साक्षीदाराची आठवण झाली. धक्क्यावर एकच माणूस होता, आणि तो नेमका त्यांचा मेव्हणा होता.

मेव्हण्याचं चष्म्याचं दुकान. अकरा वर्षांपूर्वी त्याने पाहिलेला एक गरुड सचिवांनी ‘निरीक्षकाची नजर शंकास्पद’ असा शेरा मारून निकालात काढला होता. चष्मेवाल्याबद्दलचा असा शेरा गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो?

“पाहिलास ना?” सचिवांनी धापा टाकत विचारलं.

“पाहिला की, भाऊजी. गालावर तांबडा चट्टा, बाजूने पांढरी रेघ.”

“शाबास! मग साक्षीदार म्हणून सही ठोक.”

“साक्षीदार तुम्ही,” मेव्हणा थर्मासमधला चहा ओतत म्हणाला. “मी पावणेसातपासून बघतोय. तुम्ही उगवलात सव्वासातला.”

“मग मला हाक नाही मारायची?”

“माझ्या नजरेने बघितलेला पक्षी तुम्हाला कशाला दाखवू? उगाच त्याची बदनामी.”

सचिव ओशाळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “असं करू, दोघांनी एकदमच पाहिला असं लिहू. घरातलीच माणसं आपण.”

“लिहा. पण असलं काही दुसऱ्या कुणी लिहून आणलं असतं, तर तुम्ही मान्य केलं असतं?”

सचिवांनी मनात हिशेब केला. मेव्हण्याला खोटं पाडलं तर साक्षीदार जातो, साक्षीदार गेला की हंसही जातो. बावीस वर्षांत प्रथमच त्यांना हा नियम फार कडक वाटला. शेवटी त्यांनी वही गुडघ्यावर उघडली आणि मेव्हण्याचं नाव घोटून, मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली बारीक सही केली.

घरी बायकोने विचारलं, “दिसलं का काही?”

“तुझ्या भावाला दिसलं.”

“आणि तुम्हाला?”

“नंतर.”

तिने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. “मग जेवायला बोलवा की त्याला.”

“बोलावलंय,” सचिव कोट काढत म्हणाले. “येतोय. नावाची वेलांटी नीट आलीय का, ते बघायचंय म्हणे त्याला.”