इंग्रजीतलं खोटं

बारामती एमआयडीसीतल्या त्या चीजच्या कारखान्यात पॅकिंगची लाइन थांबवायचा मान एकाच माणसाला होता, शिफ्ट सुपरवायझर अविराजला. पट्ट्याच्या कडेला हाताच्या अंतरावर भलं मोठं लाल बटण होतं, वर पिवळी पाटीही होती. पण ते कुणा बाईनं दाबायचं नाही, हा न लिहिलेला कायदा. आधी अविराजला हाक मारायची, मग तो येणार, बघणार आणि दाबणार. एकदा पाकिटं अडकली म्हणून एकीनं न विचारता दाबलं, तर दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच माघारी लावलं. त्यानंतर कोण कशाला हात लावतंय?

मनिषा सहा वर्षं त्या बटणाशेजारीच उभी होती. कोऱ्हाळे बुद्रुकची, दहावी पास, जिभेला साफ. रोज नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून पावणेसातला हजर. तिच्यासमोर पाकिटं सील करायच्या मशीनवर नकोशी असायची. ती इंदापूरकडची. चौथी पोरगी झाली म्हणून आईबापानं ठेवलेलं नाव, पण बाईनं ते असं मिरवलं की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. दोघींचा डबा एक, चहा एक आणि अविराजला द्यायच्या शिव्याही एकच.

जूनमध्ये एका सकाळी नकोशीचा हातमोजा मशीनच्या जबड्यात गेला. ती किंचाळली. मनिषाचा हात बटणाकडं गेला, आणि काय सांगावं, अर्ध्यातच थांबला. तोंडातून निघालं ते "अविराजदादा!" अविराजदादा बाहेर फोनवर होता. तो येईस्तोवर नकोशीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ऑफिसानं नकोशीला सांगितलं, चौकशी होईल. दोष कारखान्याचा निघाला तर लेबलच्या टेबलावर बसून करायचं काम, तेही कायमचं. दोष बायकांचा निघाला तर रामराम. नकोशी घरी बसून वाट बघू लागली. मनिषाला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

सप्टेंबरात माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची तपासणी ठरली. त्यांची अट अशी, की आमची बाई कामगारांशी स्वतः बोलणार, मधे कुणी नको. झालं, ऑफिसाच्या पायाखालची वाळू सरकली. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या श्रेया मॅडमना आठ दिवसांसाठी बोलावलं आणि निवडक दहा बायकांना इंग्रजी शिकवायचा घाट घातला. इतक्या वर्षांत ज्यांना कुणी 'बाई, तुझं म्हणणं काय' असं मराठीत विचारलं नव्हतं, त्यांना आता इंग्रजीत म्हणणं शिकवायचं होतं!

मॅडम म्हणजे कालची पोरगी, पण मनापासून शिकवायची. पहिल्या दिवशी तिनं फळ्याच्या एका बाजूला लिहिलं 'आय कॅन', म्हणजे मला येतं, मला जमतं. दुसऱ्या बाजूला 'आय कॅनॉट'. मग म्हणाली, ज्याला जे येतं ते इकडं सांगा, येत नाही ते तिकडं. बायका हसल्या. आपल्याकडं मला येतं असं कोण आपल्या तोंडानं म्हणतं? भाकऱ्यांची चळत लावणारी बाईसुद्धा "जमंल तसं करते" असंच म्हणते. आणि येत नाही असं तर मालकापुढं म्हणायचंच नसतं. तेवढ्यात अविराज आत आला, फळा बघितला, डस्टर उचललं आणि कॅनॉटची बाजू पुसून टाकली. ही बाजू लागणार नाही म्हणाला. श्रेया मॅडमनी खडू उचलून पुढचं वाक्य लिहायला घेतलं. त्यांचंही पोट होतंच की.

मग बारा वाक्यं पाठ. आय कॅन स्टॉप द लाइन, मी लाइन थांबवू शकते. आय कॅन से नो, मी नाही म्हणू शकते. आय कॅन गो टू द डॉक्टर. बायका पाढे म्हणाव्यात तशा सुरात म्हणायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसायच्या. मी नाही म्हणू शकते म्हणे! बारक्याला ताप आला तर अर्धा दिवस सुट्टी मागायची छाती नाही.

मनिषा सगळ्यांत चांगली म्हणायची. अविराजनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, तपासणी नीट गेली तर दिवाळीआधी कायम करतो. कायम! सहा वर्षं रोजंदारीवर काढलेल्या बाईला हा शब्द काय वाटतो ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तरी घरी येऊन ती नवऱ्याला, रामला, म्हणाली की हे धडधडीत खोटं बोलायचं हाय. रामनं हसण्यावारी नेलं. त्याचं म्हणणं, खंडोबाचा भंडारा उचलून थोडीच बोलायचंय? आपली भाषा न्हाय, आपलं तोंड न्हाय, इंग्रजीतलं खोटं काय आपल्या अंगाला लागत न्हाय. मनिषाला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला काय वाट्टेल ते पटतं.

तपासणीची बाई पन्नाशीची होती. तिनं मनिषाला काचेच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, दार लावलं. काचेपलीकडं अविराज उभा होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं. बाईनं हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, तुला लाइन थांबवता येते का? मनिषा म्हणाली, यस मॅडम, आय कॅन स्टॉप द लाइन. बाईनं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून तिनं जे विचारलं ते बारा वाक्यांत कुठंच नव्हतं. जूनमध्ये, अपघाताच्या दिवशीसुद्धा थांबवता येत होती का?

प्रश्न मनिषाला शब्दन् शब्द समजला, हीच तर पंचाईत. समजला नसता तर देवानं तरी माफ केलं असतं. फळ्यावरून पुसलेला शब्द तिला येत होता, जिभेवर आला होता. एक 'कॅनॉट' म्हटलं असतं तरी त्या बाईनं पुढचं ओढून काढलं असतं. मनिषानं काचेकडं बघितलं. अविराज हाताची घडी घालून उभा होता.

"यस मॅडम," मनिषा म्हणाली.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ती कायम झाली. पेढे वाटले, गावात दोघाचौघांनी रामची पाठ थोपटली. दिवाळी सरली आणि एका दुपारी नकोशी एसटीनं कोऱ्हाळ्याला आली. पदराखाली उजवा हात, डाव्या हातात कंपनीचं पाकीट. पत्र इंग्रजीत होतं. "घरात कुणाला वाचाया येईना. तुला येतंय म्हणं आता झ्याक, म्हणून आले," ती म्हणाली.

मनिषानं उभ्यानंच एकेक शब्द लावत पत्र वाचलं आणि खाली बसली. त्यात लिहिलं होतं, की प्रत्येक कामगाराला लाइन थांबवता येत होती आणि तसा अधिकार होता. बटणाजवळच्या कामगार बाईनं हे तपासणीत स्वतः मान्य केलंय. तिनं बटण दाबलं नाही, सबब अपघात कामगारांच्या हलगर्जीपणामुळं झाला, कंपनीचा दोष नाही. यापुढं कामावर येऊ नये.

नकोशीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. अजून चौकशी चालू हाय, येईल बोलावणं, एवढं म्हटलं असतं तरी बाई चहा पिऊन समाधानानं परत गेली असती. मनिषानं तोंड उघडलंही तेवढ्यासाठीच. पण समोर नकोशी, आणि बोलायचं मराठीत. तिथं मात्र जीभ वळेना. तिनं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ न गाळता, सांगून टाकलं.

 मग मनिषा आपणहूनच सांगत सुटली. अविराजनं पाठ करून घेतलं, सगळ्याच म्हणाल्या, कायम करतो म्हणाला, बटणाला हात लावला असता तर त्यानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, तुला तर ठावं हाय.

"ते सगळं ऱ्हाऊ दे," नकोशी म्हणाली. "त्या दिवशी तुझा हात बटणाकडं गेला हुता. मी बघितला हुता. कुणाला बोलले न्हाय. म्हणलं, पोचला नसंल. आता तू सांग. मी इंग्रजीत न्हाय इचारत. तुला दाबता आलं असतं का न्हाय?"

मनिषाच्या डोळ्यांना धार लागली. अविराजचं नाव पुन्हा ओठावर आलं, ते तिनं गिळलं.

"आलं असतं," ती म्हणाली.

नकोशीनं पत्र मागून घेतलं. एका हातानं घडी नीट पडेना, तरी मनिषाला हात लावू दिला नाही. तसंच चुरगाळून पिशवीत कोंबलं आणि उठली. मनिषा रडत मागोमाग दारापर्यंत गेली, म्हणाली थांब, यांना सांगते, स्टँडवर सोडतील.

"चालता येतंय मला," नकोशी म्हणाली आणि निघून गेली.