उघड्या खांद्याचं माप

लोणावळ्यात बंदुकीला खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता बसवावा तर फकरुद्दीननेच, असं खंडाळ्याच्या बंगल्यांतले साहेबसुद्धा म्हणत. नेम चुकला की बंदुकीला नावं ठेवणारी ही मंडळी. पण फकरुद्दीनच्या दस्त्याला नावं ठेवायची सोय नव्हती. तो नळी रिकामी असल्याची खात्री करून बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात देई, समोर उभा राही आणि म्हणे, "माझ्या डोळ्यावर नेम धरा." नळीच्या बरोबर मागे त्या माणसाचा डोळा दिसला, की माप जमलं.

त्याचा मुलगा अल्लाउद्दीन जाऊन आता चाळीस दिवस उलटले होते. वडिवळ्याच्या रानात बिबट्याला झाडीतून उठवायला हाका घातला होता, आणि तिथल्या अंबाजीच्या बंदुकीचा बार हाकेवाल्यांत जाऊन अल्लाउद्दीनला लागला. त्याच बंदुकीला बापाने घडवलेला नवा दस्ता कसा चालतो ते बघायला पोरगा हौसेने गेला होता. फकरुद्दीन रडला नाही. ताट वाढलं की जेवायचा, रंधा हातात आला की चालवायचा. आत काही हलतच नव्हतं.

त्या सकाळी अंबाजीच दुकानात आला. अंगावर घोंगडी, हातात ती बंदूक.

"चाचा, फौजदारानं परत दिली. मोडून टाका हिला. मला घरात नगं."

फकरुद्दीनने सवयीने नळी तपासली आणि बंदूक त्यालाच परत दिली. "खांद्याला लाव. झटक्यात."

"आता कशापायी? माजा हात चळला, चाचा."

"लाव म्हणतो ना."

अंबाजीने बंदूक उचलली. दस्ता खांद्यापर्यंत पोचलाच नाही. बगलेपाशी घोंगडीत अडकला, आणि नळी माणसाच्या छातीइतकी खाली राहिली. झुडपातून बिबट्या उसळला तेव्हा असंच झालं असणार.

फकरुद्दीन बघत राहिला. माप घेतलं तेव्हा वैशाख होता, अंबाजी उघड्या अंगाने उभा होता. पौषात हा घोंगडी पांघरूनच रानात जाणार, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. साहेबांना कोटाची जाडी आठवणीने विचारणाऱ्या फकरुद्दीनला सुचलं नव्हतं. आता गप्प बसला असता, तर कुणालाही कळलं नसतं.

"अंबाजी, दस्ता बोटभर लांब आहे. तुझा हात चळला नाही. मी माप चुकलो." तो उठला. "घरात सांगून येतो."

अंबाजी दारात आडवा झाला. "चाचीला सांगू नगा. मला शिव्या देती म्हून तर दोन घास खाती ती. तुमचं नाव कळलं, तर तिनं ह्या घरात कुणासंगं ऱ्हायचं?"

फकरुद्दीन खाली बसला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, मग त्याची लाज वाटली, मग तीही बधिर झाली.

बंदूक तिथेच ठेवून अंबाजी रस्त्यावर उतरला. दुकानाला लागूनच असलेल्या घराच्या दारात फकरुद्दीनची बायको हुस्नबानो उभीच होती. "मुडद्या, तुझा वंश बुडेल!" ती ओरडली, आणि मग थांबेचना. अंबाजी मान खाली घालून, तिचं सगळं बोलून होईपर्यंत भर रस्त्यात उभा राहिला.

फकरुद्दीन आतून ऐकत होता. तो बाहेर गेला नाही.