जयपालअण्णांनी पेरलेलं तण

जयपालअण्णांना शुगर नव्हती, बीपी नव्हतं. त्यांना चांदसाहेब होता.

वारणाकाठच्या शिवारात दोघांची दीड-दीड एकर रानं एकमेकांना लागून, मध्ये दीड हाताचा बांध. माती एक, पाणी एक, सोयाबीनच्या पिशव्यासुद्धा एकाच दुकानातल्या. फरक एवढाच, की हरणाबाईची मजूर बायकांची टोळी भांगलायला आधी चांदसाहेबाच्या रानात जायची. आणि भांगलण ही काही दिवाळी नव्हे, की उद्या केली तरी चालेल. सोयाबीन तीन आठवड्यांचं झालं, की तण निघालंच पाहिजे. टोळी चांदसाहेबाचं रान आरशासारखं करून अण्णांकडं यायची, तोवर अण्णांचं सोयाबीन शोधायला तणात माणूस घालावा लागायचा.

गेल्या खरिपात अण्णांनी चिडून तणनाशक मारलं. लव्हाळ्याला काही झालं नाही. सोयाबीननं मात्र मनाला लावून घेतलं. रब्बीत हरभऱ्यालाही टोळी आधी पलीकडंच गेली. उन्हाळ्यात चांदसाहेबानं नांगरट केली म्हटल्यावर अण्णांनी दोनदा केली. त्यानं एवढंच झालं, की कोपऱ्यातल्या लव्हाळ्याच्या गाठी रानभर सगळ्यांना सारख्या वाटल्या गेल्या.

पण त्या वर्षभरात अण्णांनी एक गोष्ट हेरली होती. खरिपात चांदसाहेबाच्या रानातून बायका परतताना प्रत्येकीच्या ओट्यात तांदळीची भाजी होती. अण्णांनी तुरीच्या आडोशाला बसून सात ओटे मोजले. चांदसाहेबाच्या रानात उगवणारं तण खाता येत होतं. अण्णांचा लव्हाळा जनावरंसुद्धा वास घेऊन सोडत होती.

"तणातसुदिक नशीब लागतंय," अण्णा म्हणाले आणि जूनमध्ये सांगलीला जाऊन बियाणाच्या दुकानात उभे राहिले.

"तांदळीचं बी द्या. पाव किलो."

"वाफ्यात टाकणार?"

"सोयाबीनमधी."

"आंतरपीक?"

"तण."

दुकानदारानं बी दिलं आणि अण्णा पायरी उतरेपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिला.

सोयाबीनबरोबर अण्णांनी तण पेरलं. त्यांच्या बायकोनं, आक्काताईंनी, विचारलं, "आवं, ही काळी बारीक बी कसली?" अण्णा म्हणाले, "औषध हाय." तांदळी अशी उगवली, की सोयाबीनलाच पाहुण्यासारखं अंग चोरून बसावं लागलं. रोज बांधावरून चालताना अण्णा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "काय भाजी आलीया, काय भाजी आलीया!" पलीकडून चांदसाहेब म्हणायचा, "लय भारी, अण्णा!" त्यात जळण्याचा मागमूस नसायचा. त्यामुळं अण्णा जास्त जळायचे.

आणि जुलैत एका संध्याकाळी हरणाबाई स्वतः दारात आली. "आण्णा, औंदा आधी तुमच्यात येतो. उद्या."

अण्णांनी त्या संध्याकाळी चांदसाहेबाच्या घरावरून चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला त्यानं चहाला बोलावलं. अण्णा चहा प्याले आणि अजून चिडून घरी आले.

सकाळी सात बायका खुरपी घेऊन बांधावर हजर. हरणाबाई पदर खोचून वाकणार, एवढ्यात जैन मंदिरातून परस्पर आलेल्या आक्काताईंनी हाक मारली.

"थांबा गं! आज चतुर्दशी हाय."

आक्काताईंचा नियम सगळ्या गावाला माहीत होता. चतुर्दशीला त्यांच्या रानात हिरव्याला हात लागायचा नाही. आणि ही तर आषाढातली, चातुर्मास बसायची. आजपासून चार महिने घरात पालेभाजीही बंद.

"अगं, तण हाय ते!" अण्णा म्हणाले. "तण उपटायला कसली चतुर्दशी?"

"तण आपोआप आलं आसतं तर इचार केला आसता. ह्ये तुमी पेरलंय. काल कपाटात पुडी घावली, वर चित्रबी हाय."

हरणाबाई वाकता वाकता परत ताठ झाली.

"पेरलंय?" हरणाबाई म्हणाली. "तण?"

"तुमी भाजीसाठी चांदसाहेबाकडं जाता म्हणून," अण्णा पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले.

हरणाबाई हसत खाली बसली. बाकीच्या सहाजणी तिच्याभोवती बसून हसल्या. डोळे पुसत ती म्हणाली, "आवं आण्णा, भाजी तर वड्याकाठाला रग्गड हाय. चांदभाई आमच्यासंगं पात धरतो. दिवसभर खुरपं चालवतो, गप्पा मारतो. तुमी बांधावर हुभं ऱ्हाऊन 'ते ऱ्हायलं, ते ऱ्हायलं' म्हणून बोट दावता. बोटाला कट्टाळून आमी तुमच्यात मागनं येतो."

"मग औंदा आधी कशा आलासा?"

"तुमच्या रानात सोयाबीन हाय का न्हाई, ते बघाय."

आणि टोळी बांध ओलांडून चांदसाहेबाच्या रानात गेली.

अण्णा बांधावर बसले. पलीकडं हसण्याचे फवारे उडत होते, आणि कशावर हसतायत हे अण्णांना पक्कं माहीत होतं. चांदसाहेब मधल्या ओळीची पात धरून, सगळ्यांच्या चार हात पुढं. अण्णांना ते चार हात बघवेनात. आक्काताईंचा नियम आपल्या रानापुरता, म्हणजे बांधापर्यंत होता. अण्णांनी बांध ओलांडला.

"खुरपं हाय का जादा?"

चांदसाहेबानं काही न विचारता खुरपं दिलं. "बसा, अण्णा. ही कडंची पात घ्या."

अण्णा इरेला पेटून भांगलू लागले. केना गेला, हराळी मुळासकट गेली. लव्हाळ्याची एक गाठ काढायला त्यांनी कोपरापर्यंत हात मातीत घातला. गप्पा मारल्या नाहीत, पण दुपारी कुणीतरी पुडीवरच्या चित्राचा विषय काढल्यावर त्यांनाही हसू फुटलं. सूर्य कलता कलता ते चांदसाहेबाच्या दीड हात पुढं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुडघे धरून बांधावर आले. टोळी आपल्या रानात यायची होती. हरणाबाईनं शब्द दिला होता, अट एकच, बोट घरी ठेवायचं. पलीकडं चांदसाहेब होताच; अण्णांची नजर त्याच्या रानावर गेली. कडेची एक पात अशी होती, की तिच्यावर केळीचं पान न मांडता जेवायला बसावं.

"चांदसाब, ही कुणी भांगलली रं?"

"कुणी म्हंजे? तुमीच की, अण्णा. काल मान कुठं वर केलीसा?"

अण्णांनी वळून आपलं रान बघितलं. तिथं असली एकही पात नव्हती. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं चांगलं काम केलं नव्हतं, आणि केलं तेव्हा ते चांदसाहेबाच्या रानात केलं.

पोटात परत जळायला लागलं. बायका अजून वेशीपाशीच होत्या, तोवर अण्णा खुरपं घेऊन आपल्या पहिल्या पातीत बसले होते.