सासूबाईंना वर्गाला नेलं

ती गाडी शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिचा एक नियम होता: मागच्या सीटवर शिकणाऱ्याचे नातेवाईक नकोत. नवरा असो, काका असो, मेहुणा असो, पहिल्या चौकाच्या आतच ती त्याला खाली उतरवायची. पाच जण पाच तोंडांनी बोलू लागले की शिकणाऱ्याचा पाय भलत्याच पेडलवर पडतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

थोरलीच्या वेळी तिचं स्वतःचंच तसं झालं होतं. तिसऱ्या दिवशी बाळ रडायला लागलं ते थांबेचना. कुणी म्हणालं दूध पातळ आहे, कुणी म्हणालं मुळात नाहीच. चौथ्या दिवशी सासूबाईंनी चकार शब्द न काढता बाटली आणून उशाशी ठेवली. बाटली आली तसं पाजणं कमी झालं, पाजणं कमी झालं तसं दूधही, आणि महिन्याभरात सगळंच आटोपलं. थोरली आता पाच वर्षांची, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. पण मास्तरणीच्या मनातून ती बाटली गेली नव्हती. सासूबाईंना तिनं कधी जाब विचारला नाही आणि कधी माफही केलं नाही.

आता तिला पुन्हा आठवा महिना लागला होता. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "शनिवारी स्तनपानाचा वर्ग आहे, याल ना?"

"मी एकटी येऊन उपयोग नाही," मास्तरीण म्हणाली. "घरच्यांना घेऊन येते."

नवऱ्यानं कुरकुर केली. "मी तिथं बसून काय करू?"

"ऐक. बाळ रडलं की दुकानाकडे पळणारा तूच आहेस."

सासूबाई म्हणाल्या, "या वयात मला कोण काय शिकवणार?" पण चपला त्यांनीच आधी घातल्या.

वर्ग म्हणजे दवाखान्यामागची एक खोली, आठ खुर्च्या आणि एक कापडी बाहुली. सिस्टर भरभर बोलत होत्या. पहिल्या दिवशी बाळाचं पोट गोटीएवढं असतं, म्हणून ते सारखं मागतं. दिवसातून आठ-दहा वेळा, कधी बारा वेळाही. "रडणं म्हणजे दूध कमी, असं नव्हे. आत किती गेलं ते दिसत नाही, पण बाहेर आलेलं मोजता येतं. तिसऱ्या दिवशी निदान तीन लंगोट ओले, पाचव्यापासून सहा. शंका आली तर मला फोन करा, दुकानात जाऊ नका."

मग त्यांनी बाहुली सासूबाईंच्या हातात दिली. "आजी, बाळ कसं धरायचं ते दाखवा बरं."

सासूबाईंनी बाहुली अलगद घेतली, पोटाशी पोट लावलं आणि तिथंच थांबल्या. "पुढचं मला येत नाही," त्या म्हणाल्या. "ह्या माझ्या लेकाला मी पाजलंच नाही. तिसऱ्याच दिवशी माझ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिच्यात दूध नाही. मी खरं मानलं. हिचं बाळ रडायला लागलं तेव्हा वाटलं, आता हिलाही कुणीतरी तसंच बोलणार. त्याआधी मीच बाटली आणून ठेवली."

नवरा खाली बघत होता. पाच वर्षं पोसलेला राग असा एका दुपारी जात नाही, मास्तरणीचाही गेला नाही. फक्त तो आता कुणावर धरायचा, ते तिला कळेना.

"खरंच कमी दूध येणाऱ्या बायका असतात, पण फार थोड्या," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तिसऱ्या दिवशी ते कुणालाच ठरवता येत नाही, आजी."

धाकटी जन्मली आणि दुसऱ्या दिवशी घरी आली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तिनं जो सूर लावला तो दुपारपर्यंत सोडला नाही. धरायची, सोडायची, पुन्हा किंचाळायची. मास्तरणीच्या छातीला चिरा पडल्या होत्या, पाठ मोडून आली होती. एवढा निश्चय केलेली ती शेवटी नवऱ्याला म्हणाली, "आण बाबा पावडरच्या दुधाचा डबा. नाही जमत मला."

नवरा चपला घालून निघालाच होता. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"काढ त्या चपला."

"अगं आई, ती रडतेय."

"रडू दे. पहाटेपासून चार लंगोट ओले झालेत, मी स्वतः धुतलेत. सिस्टरना फोन लाव आणि आवाज मोठा ठेव."

सिस्टर फोनवरून सांगत गेल्या आणि सासूबाई हात लावत गेल्या. सुनेच्या पाठीशी उशी. बाळ तिरपं नको, सगळं अंग आईकडे. नाकासमोर स्तनाग्र. तोंड चांगलं मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग हनुवटी आधी टेकवायची. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदाही. "पुन्हा," सासूबाई म्हणाल्या. मास्तरणीनं दात आवळून पुन्हा धरलं.

तिसऱ्यांदा धाकटीनं तोंडभर घेतलं आणि रडणं थांबलं.

सासूबाई वाकल्या. "हा कसला बारीक आवाज येतोय?"

"गिळतेय ती, आई," मास्तरीण म्हणाली.

साठी उलटलेली ती बाई तशीच वाकून ऐकत राहिली. "असा असतो होय," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

मास्तरीण जराशी सरकली आणि त्यांना पलंगावर आपल्याजवळ बसायला जागा करून दिली.