सात गौरींचं वजन

प्राचीने दगडांची पिशवी उंचावर ठेवली ती मनूच्या भीतीने. पावणेदोन वर्षांचा मनू हाताला लागेल ते तोंडात घालायचा. बटण, पेनाचं टोपण, पायपुसण्याची दशी, काही म्हणजे काही वर्ज्य नव्हतं. आता याच्या हातून काय घशात जाईल, हा घोर प्राचीला झोपेतही असायचा. म्हणून आपल्या संशोधन संस्थेतून घरी आणलेले सात दगड तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, पूजेच्या भांड्यांशेजारी ठेवले आणि निर्धास्त झाली.

गौरीपूजनाच्या सकाळी ती स्टुलावर चढली, तर फळी रिकामी.

"माई, इथली कापडी पिशवी कुठंय?"

सासूबाई घाटल्यासाठी गूळ चिरत होत्या. "पिशवी होय? घडी करून ठेवलीय. पण खडे काय सुरेख आणलेस गं! म्हटलं, सुनेला बरी आठवण राहिली."

स्टुलावरूनच प्राचीने मान वळवून गौरीच्या पाटाकडे बघितलं.

फणसवाडीतल्या या घरात गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. नदीवरून नाहीतर विहिरीवरून सात खडे आणायचे, तीच गौर. पण गिरगावात नदी कुठली आणायची? गेली कित्येक वर्षं माई कुठल्यातरी बांधकामाच्या ढिगातून खडे वेचून आणत आणि मनातल्या मनात गौरीची माफी मागत. काल प्राची संस्थेतून परतली तेव्हा आवाहन होऊन गेलं होतं, आणि मनूला कणकण होती. पत्रीखाली कोण बसलंय हे बघायला तिला सवडच झाली नव्हती.

"पिशवीवर दापोली लिहिलं होतंस," माई म्हणाल्या. "माझं माहेर! आणि प्रत्येकीच्या कपाळावर पांढरा ठिपका. मला तर भरून आलं."

तो ठिपका प्राचीने स्वतः पाडला होता. दगडाला बारीक भोक, त्यात तांदळाएवढी खुणेची चिप, वरून भोक बुजवायला पांढरी लांबी. मनू पोटात असताना असे शंभरभर दगड तोलून, मापून तिने दापोलीकडच्या एका छोट्या नदीत सोडले होते. दोन पावसाळे नदीने ते लोटले. यंदाच्या मे महिन्यात, मनूला माईंपाशी ठेवून, ती काठीला लावलेलं कडं फिरवत सगळं पात्र पालथं घालत गेली. खाली चिप असली की यंत्र 'टिंग' करायचं. बरेचसे दगड वाटेतच रुतलेले मिळाले. पार मुखाशी, खाडीच्या चिखलात पोचले होते फक्त हे सात. बाकीच्यांची वजनं झाली होती. मनूच्या आजारपणात सुट्टी नको पडायला, म्हणून हे सात आणि नाजूक काटा ती घरीच घेऊन आली होती.

उद्या दुपारी दिल्लीच्या समितीसमोर ऑनलाइन बैठक होती. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात गाळ किती येतो, कुठून येतो, किनारा वाढतोय की खचतोय, असं तीन वर्षांचं काम. प्रकल्पप्रमुख कोण, ते उद्या ठरणार होतं. संस्थेतल्या गंगाधर सरांनी कालच फोनवर बजावलं होतं, "बाळंतपणानंतर तू टेबलावरचंच काम करशील असं दोघातिघांनी गृहीत धरलंय. मुखाशी सापडलेले सात दगड हेच तुझं उत्तर. आकडे नसतील तर गोदावरी दुसऱ्या कुणाच्या नावावर जाईल."

"माई, मला ते दगड उचलायला लागतील. वजन करायचंय."

माईंचा विळीवरचा हात थांबला. "आवाहन झालंय, प्राची. उद्या संध्याकाळी निरोप दिल्याशिवाय गौर जागची हलवत नाहीत."

"माझी मीटिंग दुपारी आहे."

"मला का माहीत होतं?"

यशोधन मनूला कडेवर घेऊन दारात आला. "आई, अगं दगडच आहेत ते."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

माई सोवळं नेसायला आत गेल्या. प्राची पाटासमोर उभी राहिली. हळदीकुंकवाखाली तिला तिचे दगड ओळखू आले. डावीकडचा चपटा, मधला बदामी. आत्ता पटकन उचलले, तोलले, परत ठेवले, तर कोणाला कळणार होतं? हात पुढे झालाही. पण माईंनी मे महिन्यात मनूला सांभाळलं नसतं, तर हे दगड अजून चिखलातच असते. तिने हात मागे घेतला.

माई परत आल्या तेव्हा प्राची पाटासमोर मांडी घालून बसली होती. "माई, या कुठून कुठे गेल्या ते तरी ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं."

तिने सांगायला सुरुवात केली. घाटाखालच्या कोंडीपाशी सोडलेले दगड, पुराचं पाणी, दगडावर दगड आपटून रात्रभर होणारा गडगडाट. माई आधी उभ्याने ऐकत होत्या, मग बसल्या.

"म्हणजे आमच्या घराच्या मागून गेल्या असतील?"

"गेल्याच असणार. ही सगळ्यात लहान, पण पार खाडीच्या तोंडाशी मिळाली."

"आणि वजन कशाला गं?"

"वाटेत किती झिजल्या ते कळतं. जे झिजलं त्याची वाळू झाली, चिखल झाला. तुमच्या खाजणातली भातशेती उभी आहे ना, ती असल्याच झिजलेल्या दगडांवर. गोदावरीच्या मुखाशी तर जिल्हेच्या जिल्हे उभे आहेत."

माई उठून पाटाशी गेल्या. मग पदर खोचला.

"देवाची तुला करतात ना? आपण गौरीची करू. पण उचलणार मी, सोवळ्याने. तू फक्त काट्याकडे बघ."

आणि फणसवाडीत त्या दिवशी गौरीची तुला झाली. माईंनी एकेकीला अभिषेकाच्या पाण्याने स्वच्छ धुतलं, कपाळावरचं कुंकू ब्रशने काढायला प्राचीने सांगितलं तेव्हा तोंडातल्या तोंडात "क्षमस्व" म्हटलं. तासभर पंख्याखाली वाळवलं. मग पंखा बंद, कारण वाऱ्याच्या झुळकेनेही काट्यावरचे आकडे थरथरत. यशोधनने घामाघूम होत मनूचे दोन्ही हात धरून ठेवले. माई एकेक दगड काट्यावर अलगद ठेवत. प्रत्येकाचं वजन तीनदा.

शेवटचा लहानगा दगड ठेवला आणि प्राचीने जुना आकडा स्क्रीनवर काढला.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"पाचवा हिस्सा गेलाय, माई. माझ्या अंदाजाच्या दुप्पट."

"रोडावली गं बाई," माई हळहळल्या. "माहेरवाशीण नेहमी रोडावूनच येते."

मग त्यांनी सातही जणींना जागेवर बसवलं, पुन्हा हळदीकुंकू वाहिलं आणि घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवला. लहानगीपुढे एक घावन जास्त ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत प्राचीने काही लपवलं नाही. ही सात वजनं घरी झाली, दगडांना हळदीकुंकू लागलं होतं, धुऊन वाळवून तीन-तीनदा तोलले, लॅबमध्ये पुन्हा तोलणार आहे. पलीकडे कोणीतरी हसलं. पण झिजेचा आलेख पडद्यावर आला आणि हसू थांबलं. मग प्रश्नांमागून प्रश्न सुरू झाले. दगडाची जात कोणती, पुराची उंची किती, नमुना पुरेसा आहे का? प्राची एकेकाला पुरून उरली. शेवटी एका सदस्यांनी घसा खाकरला. "काम उत्तम आहे. पण तिथे महिनोन्‌महिने राहावं लागेल. तुम्हाला लहान मूल आहे ना?"

"आहे," प्राची म्हणाली. "हे दगड सोडले तेव्हा तो पोटात होता, गोळा केले तेव्हा रांगणं सोडून चालायला लागला होता. काम तेव्हाही मीच केलं. प्रमुख म्हणून माझंच नाव राहू दे."

चार वाजता गंगाधर सरांचा फोन आला. नाव राहिलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा माई शेजारच्या दुर्गाकाकूंना पाटासमोर बसवून एकेक दगड दाखवत होत्या. विसर्जन घरच्या घंगाळातच करायचं, म्हणजे दगड उद्या लॅबला जातील, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. प्राचीचा चेहरा बघून त्या थांबल्या. तिने हसून मान डोलावली.

"झालं!" माईंनी दुर्गाकाकूंच्या मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? आमची प्राची गोदावरीला निघाली. आख्खी नदी बघणार आहे ती. मनूला मी बघेन, पण दुपारी माझा डोळा लागतो. तू तीन ते पाच येत जा."

"अहो माई, मला विचाराल तरी!"

"तुला काय विचारायचं त्यात?" माई म्हणाल्या.