रडणारा पेअर आणि माझे तीन डबे

"रडतेय! माता रडतेय!"

लाली मावशीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अमेरिकेतलं आमचं अख्खं याकिमा खोरं तिथे लोटलं होतं. फळं भरायच्या शेडवरचे हमाल, बागांतले तोडणीवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. सगळ्यांच्या माना त्या एका म्हाताऱ्या पेअरच्या, म्हणजे नासपतीच्या, झाडाकडे वळलेल्या. खोडाच्या चिरेतून मधासारखे थेंब ओघळत होते आणि उन्हात असे चमकत होते, की खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही बघतच राहिले.

खोडाशी ग्वादालुपेच्या मातेची, आम्हा मेक्सिकन लोकांच्या मेरीमातेची, तसबीर होती आणि तसबिरीशेजारी स्वतःला बंधू म्हणवणारा फाबियान. पांढरा सदरा, लोण्यासारखा आवाज.

"बहिणींनो, हे पाणी नव्हे, माय आहे, माय! ज्याची जशी श्रद्धा, तसं त्याला फळ. हा अश्रू कापसावर घ्या, आपल्या झाडांना लावा, फुलांना लावा. फांद्या मोडतील इतकी फळं धरतील! कापूस फक्त पाच डॉलर."

फुलांना लावा! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी यारे, अकरावीत आहे. सकाळी शाळा, दुपारी गावाबाहेरचं दोन वर्षांचं कॉलेज. शाळा संपेल तेव्हा माझ्या हातात बागकामाची असोसिएट पदवीसुद्धा असेल. आमच्या घरातली ही पहिली पदवी. त्याच आठवड्यात कॉलेजातल्या होल्टनबाईंनी आम्हाला असेच थेंब दाखवले होते. फायर ब्लाइट, म्हणजे आगीचा करपा. थेंबात जंतू कोट्यवधी. माशी, पाऊस, माणसाचा हात, जो कोणी ते फुलावर नेईल तो झाड मारेल. उपाय एकच: रोगट फांदी रोगाच्या बऱ्याच खालून कापायची आणि जाळायची. लगेच.

आणि कुंपणापलीकडे आमची बाग होती. वीस वर्षं दुसऱ्यांची फळं तोडून आईबाबांनी घेतलेली. तिच्यात उशिरा फुललेल्या प्रत्येक झुबक्याला आईने पांढरा कापूस बांधला होता. काही शेंडे काळे पडून काठीच्या मुठीसारखे वाकलेही होते.

"बाबा, करवत काढा. आजच!"

"यारे, तुझी मावशी जन्मभर बोलायची नाही माझ्याशी."

"झाडं तरी कुठे बोलणारेत? मरून जातील गपचूप!"

आई कडाडली, "चार पुस्तकं वाचलीस म्हणून मातेच्या अश्रूंना जंतू म्हणतेस?"

"मातेला नाही गं म्हणत! थेंबाला म्हणतेय!"

मग मी तडक मावशीच्या अंगणात गेले. फाबियान हसला. "या, पंडितीणबाई! झाडं लावायला पण कॉलेज लागतं होय आता? आमचे बापजादे काय बटाटे पेरत होते?"

लोक खदाखदा हसले. माझे कान तापले, पण आवाज नाही कापला.

"बंधू, परीक्षा घ्यायची का? हे तीन डबे. प्रत्येकात ओल्या कागदावर एकेक हिरवा, कोवळा पेअर. पहिल्याला मावशी या झाडाचा अश्रू लावेल. दुसऱ्याला साधं पाणी, त्याच्यावर तुम्ही मंत्र म्हणा, हवा तेवढा वेळ. तिसऱ्याला मी सोबत आणलंय ते लावते. ते काय आहे, हे रविवारी कळेल."

इतक्या लोकांसमोर तो नाही म्हणणार कसा? सगळ्या फळांना सुईने टोचलं. लावायचं ते लावलं. खाली चिठ्ठ्या चिकटवल्या. पाण्याच्या पेअरवर तर तो इतका वेळ पुटपुटत होता, की एक बाळ झोपी गेलं. मावशीने डब्यांची अदलाबदल करून ते स्वतःच्या कपाटात ठेवले आणि किल्ली गळ्यात अडकवली.

रविवारी पुन्हा तीच गर्दी. मावशीने झाकणं उघडली. एक पेअर कोरडा ठणठणीत. बाकीच्या दोघांवर टपोरे, चिकट थेंब!

"पाहिलंत?" फाबियानने हात पसरले. "मातेने फळातही दर्शन दिलं!"

"दिलं ना? मग सांगा, या दोघांतला मातेचा कुठला?"

तो वाकला. दोन्ही डबे नाकाशी नेले, डोळे मिटले. ज्याच्यावर थेंब जास्त, त्यावर बोट ठेवलं. "हा. याच्यातून माय बोलतेय."

मावशीने डबा उलटा केला आणि चिठ्ठी हळू आवाजात वाचली. "कॉलेजचा कचरा. सफरचंदाची करप्याने सडलेली फांदी. जाळायला टाकलेली."

त्याने दुसरा डबा दाखवला असता, तरी प्रश्न तोच होता: त्या कचऱ्यापुढे कोणी मेणबत्ती लावली होती? आणि याने घसा कोरडा करून मंतरलेला पेअर कोरडा का राहिला?

"पण अगं..." मावशीने डबा खाली ठेवला. "मग मी तुमच्या झाडांना काय बांधायला दिलं? मीच वाटला कापूस, यारे. माझ्या हाताने."

तेव्हा बाबा पुढे झाले. "फाबियान, तू त्या टेकडीवरच्या बागेत छाटणी करायचास ना? मी ओळखतो तुला. करवत स्पिरिटमध्ये बुडवल्याशिवाय दुसरी फांदी कापायची नाही, हे तुलाही शिकवलं असेल. हा रोग हातानेही पसरतो, हे तुला ठाऊक होतं."

चमत्कारावर तासभर बोलणारा माणूस छाटणीचं नाव निघताच गर्दीतून वाट काढत निघून गेला. संध्याकाळी त्याची गाडी गावात नव्हती, लोकांचे पैसेही नव्हते.

ते रडणारं झाड मावशीने स्वतः पाडलं. तसबीर मात्र आधी शालीच्या टोकाने पुसून घरात नेली. माझं भांडण तसबिरीशी नव्हतंच. बाबा कापत गेले, आई स्पिरिटचा डबा धरून मागे, मी प्रत्येक कापूस सोडत पुढे. काही झाडं वाचली. कुंपणाजवळची अख्खी ओळ गेली. ती कुऱ्हाडीने नाही मेली, हात जोडण्याने मेली. याचा राग मला अजून आहे आणि तो मी जपून ठेवणार आहे.

तुम्हाला कोणी चमत्कार दाखवला, तर लगेच भांडू नका, लगेच वाकूही नका. एवढंच विचारा: हेच कचऱ्यातल्या फांदीकडून होतं का? आणि उत्तर येईपर्यंत आपला कापूस आपल्या खिशात ठेवा.